उसवलेले तुकडे, नग सात

नांदेड,
६ जानेवारी २०२५

सौ. सरजाबाईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तिसऱ्या फळीवरचे डबे आत्ताच खाली उतरवले. एकूण एकेचाळीस झाले. सहा रिकामे आहेत. चारांत काय आहे ते वास घेऊनही कळलं नाही. एकात दुसरा लहान डबा निघाला आणि त्यात बिब्बे. फरशीवर पाय ठेवायला जागा नाही, म्हणून हे पत्र उंबऱ्यावर बसून लिहितो आहे.

निघताना तू म्हणालीस की रेणुका उन्हाळ्यात बाळ घेऊन माहेरी येईल, तोवर घर जरा आवरून ठेवा. जरा म्हणजे किती ते सांगितलं नाहीस. विचारायचं तर फोनवर मला ऐकू येत नाही, आणि कानातलं मशीन घातलं की शिट्टी वाजते. तेव्हा रेकॉर्डरूममध्ये जी पद्धत एकतीस वर्षं वापरली तीच घराला लावतो आहे. तुला माहीत आहे, तरी लेखी असावं. अ वर्ग म्हणजे कायम जपायचं. ब तीस वर्षं, क दहा वर्षं. ड म्हणजे वर्ष उलटलं की नष्ट करायचं. ज्या बंडलावर शीर्षक नाही, तारीख नाही आणि जे कोणी मागायला आलेलं नाही, ते ड.

अ वर्गात आतापर्यंत तीनच वस्तू आल्या. घराचे कागद, बाबासाहेबांचा फोटो आणि लोणच्याची बरणी. बरणीबद्दल मला शंका होती.

ड वर्गाची यादी सोबत आहे. नोंदी तेवीस. उदाहरणार्थ, नोंद चार, कान तुटलेले कप. नोंद नऊ, पिशव्यांनी भरलेली पिशवी. नोंद सतरा, माळ्यावरचं गाठोडं एक, शीर्षक नाही, आत जुनी सुती लुगडी नग सहा व उसवलेले तुकडे नग सात, निरुपयोगी. नियमाप्रमाणे नष्ट करण्याआधी त्या त्या शाखेच्या प्रमुखाची सही लागते. स्वयंपाकघर आणि माळा या शाखा तुझ्याकडे येतात. यादी नीट वाच. हरकत असेल तिथे फुली मार. तोंडी मंजुरी चालत नाही.

डॉक्टरांनी रेणुकाचा प्रवास बंद केला हे बरंच झालं. बाळंतपण माहेरी झालं असतं तर मला फरशी एवढी मोकळी मिळाली नसती. जावईबापू धम्मदीप यांना जयभीम.

लोभ चालू आहेच, त्यात खंड पडू देऊ नये.

तुझा,
रामकिशन

सोबत: यादी, दोन प्रती. एक सही करून परत पाठव, एक तुझ्याकडे ठेव.

~

लातूर,
१० जानेवारी

रेणुकाच्या बाबांना,
स. जयभीम वि. वि.

पत्र पोचलं, लांब धरून लागलं तेवढं वाचलं. यादीवर सही करून परत पाठवते आहे. माझा चष्मा रेणुकाच्या पलंगाखाली गेला आहे. मला वाकवत नाही, तिला वाकायची मनाई आहे, आणि धम्मदीप ड्यूटीवरून आठला येतात, तोवर कोणालाच चष्म्याची आठवण राहत नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली. विम्याच्या कागदावर, गॅसच्या पुस्तकावर, तुम्ही बोट ठेवाल तिथे मी सही केली. तेव्हा चष्मा लागत नव्हता, तरी वाचलं नव्हतं.

अंगणवाडीत पंचवीस वर्षं मी पण रजिस्टरं लिहिली. पण घरात कधी लिहिलं नाही. जिऱ्याला मी डोळे मिटून हात घालते आणि जिरंच हाताला येतं. ज्या चार डब्यांत काय आहे ते तुम्हाला कळलं नाही, त्यातल्या एकात ओवा, बाळंतिणीसाठी खास आणलेला. तो नष्ट केला तर तुम्हाला घरात घेणार नाही. घर तुमच्याच नावावर आहे ते मला माहीत आहे.

रेणुकाला आठवा लागला. दिवसभर डाव्या कुशीवर पडून असते. तिला टीव्हीचा कंटाळा आला आहे आणि माझाही. डॉक्टरीणबाई म्हणतात सगळं ठीक आहे. मागच्या वेळीही ठीकच म्हणाल्या होत्या, म्हणून मी त्यावर काही बोलत नाही. शेजारची एक बाई रोज येऊन विचारते की बाळासाठी काय काय घेतलं. मी तिला चहा देते.

मी कोणत्या वर्गात बसते ते कळवावं. यादीत माझं नाव दिसलं नाही. चष्मा नव्हता, असेलही.

जेवण वेळेवर करा. समोरच्या महादेवीला सांगून आले आहे, ती भाकरी देईल. आपला लोभ असाच असू द्यावा.

सरजा

~

नांदेड,
१८ जानेवारी

सौ. सरजाबाईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

सही केलेली यादी मिळाली. तेवीसच्या तेवीस नोंदी मंजूर, एकही फुली नाही. एकतीस वर्षांत माझी यादी अशी कधी परत आली नव्हती. कोणी ना कोणी साहेब कुठल्या तरी रद्दीत अडकायचाच.

पंधरा तारखेला कारवाई पूर्ण केली. कप, रिकामे डबे, मोडका स्टूल भंगारवाल्याला दिले. नोंद सतरा गल्लीत आलेल्या भांडेवालीला दिली. नष्ट केलेला माल कोणाकडे गेला ते लिहावं लागतं, म्हणून नावगाव विचारलं. केवळाबाई, राहणार उमरी, रोज सकाळच्या गाडीने येते. बाई चोखंदळ आहे. लुगडी तिने नुसती चाचपून बाजूला ठेवली, पण ते सात तुकडे एकेक करून उन्हाकडे धरून पाहिले. मग मला विचारलं की घरात विचारलंय का. मी तुझी सही दाखवली. तिला वाचता येत नाही, तरी तिने सही बराच वेळ पाहिली. शेवटी झाकणासकट स्टीलचं पाच लिटरचं पातेलं दिलं. त्याला बेचाळीस नंबर दिला आहे.

स्वयंपाकघर आता पूर्ण झालं. प्रत्येक डब्यावर क्रमांक आहे आणि दाराला रजिस्टर टांगलं आहे. जिरे पाहिजे असेल तर ज खाली पाहायचं. फळी दोन, क्रमांक चौदा. काल महादेवीने इथे येऊन पिठलं करून द्यायचं ठरवलं. हळदीपर्यंत पोचायला तिला बराच वेळ लागला. तिने विचारलं की भाऊजी, हे घर हाय का कचेरी, आणि मोहरी मागायला अर्ज कुठं करायचा. मी सांगितलं, म खाली. पिठलं तिने तिच्या घरून आणून दिलं.

ओवा सुरक्षित आहे. क्रमांक एकोणतीस.

तुझ्या वर्गाबद्दल विचारलंस. व्यक्तींचं वर्गीकरण नियमांत नाही. शोधून पाहिलं.

लोभात कमी-जास्त होऊ नये ही विनंती.

रामकिशन

~

लातूर,
२२ जानेवारी

रेणुकाच्या बाबांना,

चष्मा धम्मदीपनी काढून दिला. काल तुमचं पत्र वाचलं, मग यादीची माझ्याकडची प्रत काढली आणि सतरा नंबर वाचला. मग परत वाचला.

माय गेली तेव्हा तिची सात लुगडी मी मागून आणली होती. नेसून नेसून तिने ती एवढी मऊ केली होती की मुठीत मावायची. रेणुका झाली तेव्हा मायनं तिला अंगावरच्या अशाच एका लुगड्यात घेतलं होतं. सहा लुगडी गाठोड्यात तशीच होती. सातव्याचे सात तुकडे होते.

ती दुपटी होती. दोन वर्षांमागे रेणुकाला सहावा लागला तेव्हा मी दुहेरी घडी घालून, चारी बाजूंनी टीप मारून शिवून ठेवली. सहाव्यातच ते गेलं, तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर एका दुपारी बसून मी सातही उसवली. गाठोड्यात परत घातली आणि माळ्यावर ठेवली. वर काही लिहिलं नाही. विसरले नव्हते. मुद्दाम लिहिलं नाही.

बाळ हाती येईपर्यंत त्याच्या नावानं काही शिवू नये, काही राखून ठेवू नये असं माय म्हणायची. मी पंचवीस वर्षं बायकांना सांगितलं की हे खोटं आहे, बाळाची तयारी आधीपासून करा. मागच्या वेळी मी माझं ऐकलं. या वेळी मायचं ऐकायचं ठरवलं होतं. बाळ रडल्याचं कानानं ऐकलं की गाठोडं मागवायचं आणि दवाखान्यात बसून शिवायचं.

तुम्ही लिहिलंत की जे कोणी मागायला आलं नाही ते ड. मागणारं अजून आलेलं नाही.

रेणुका रोज विचारते की मायचं कापड आणलंस का. तिला वाटतं ते असलं म्हणजे सगळं नीट होईल. तिला मी सांगितलं आहे की घरी आहे. डॉक्टरीणबाईंनी तिला मनाला काही लावून घेऊ नको म्हणून बजावलं आहे. आता मी काय सांगू ते तुम्हीच लिहून पाठवा. तोंडी नको.

सरजा

~

नांदेड,
२५ जानेवारी

सौ. सरजाबाईस,
जयभीम वि. वि.

नोंद सतराबाबत खुलासा पुढीलप्रमाणे.

गाठोड्यावर शीर्षक नव्हतं. यादी नीट वाचावी असं मी सहा तारखेच्या पत्रात लिहिलं होतं. त्या पत्रात नोंद सतराचा मजकूरही दिला होता. यादीवर तुझी सही आहे, तिची झेरॉक्स सोबत जोडली आहे. कारवाई नियमाप्रमाणे झाली.

कचेरीत कापड असतं ते कागद बांधायला. बस्ता सोडला की कापड बाजूला ठेवायचं आणि आतलं पाहायचं. कापडात कापड बांधलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

रेणुकाला काय सांगावं याचा विचार चालू आहे. लोभ असावा.

रामकिशन

~

नांदेड,
३ फेब्रुवारी

सौ. सरजाबाईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

नऊ दिवस झाले, उत्तर नाही. झेरॉक्स पाठवायला नको होती. महादेवीला मी सगळं सांगितलं तेव्हा तिने विचारलं की झेरॉक्स काढायला किती लांब जावं लागलं. मी म्हणालो चौकापर्यंत. ती म्हणाली, एवढं लांब चालून गेला आणि वाटंत काहीच डोक्यात आलं न्हाई. त्यानंतर दोन दिवस भाकरी आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, पण आदिनाथच्या हाती. तिचा नवरा कधी आपल्या दारात येत नाही. त्याने ताट ठेवलं आणि तो गेला.

एक गोष्ट लिहायची राहिली आहे. दोन वर्षांची राहिली आहे. रेणुकाला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी मी कचेरीत गेलो. वार्षिक तपासणी आहे असं सांगून गेलो. तपासणी पुढच्या आठवड्यात होती. दिवसभर मी रेकॉर्डरूममध्ये बसलो आणि ज्या बस्त्यांच्या गाठी सैल नव्हत्या त्या सोडून पुन्हा बांधल्या. संध्याकाळी आलो तेव्हा तुम्ही दोघी झोपला होतात. मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. घरात काय उसवलं गेलं ते मला कळायला पाहिजे होतं. कापड हातात धरलं तेव्हा सुईची भोकं दिसली होती. मी ‘निरुपयोगी’ लिहिलं.

दाराचं रजिस्टर काढलं. डबे हलवायच्या आधी कोणता कुठे होता याची नोंद करून ठेवली होती, तिच्याप्रमाणे उरलेले सगळे परत लावले. ज्या तीन डब्यांत काय आहे ते अजून कळलं नाही तेही त्यांच्या जागेवर आहेत. जिरे तुझ्या हाताला येईल.

पातेल्यात अजून काही शिजवलेलं नाही. ते घेऊन उद्या सकाळच्या गाडीने उमरीला जातो. नावगाव लिहून घेतलं होतं एवढं एक काम मी नीट केलं.

रेणुकाला अजून काही सांगू नकोस. लोभ मागायचा हक्क सध्या नाही, म्हणून मागत नाही.

रामकिशन

~

नांदेड,
७ फेब्रुवारी

सौ. सरजाबाईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

चार तारखेला उमरीला गेलो होतो. स्टेशनावर उतरल्यावर केवळाबाईचं घर विचारावं लागलं नाही. हातात पातेलं पाहून लोकांनीच रस्ता दाखवला. ती त्या दिवशी फेरीला गेली नव्हती. दारात भांडी घासत बसली होती. मला पाहून तिने आतल्या बाईला हाक मारून सांगितलं की बघ, एक माणूस पातेलं परत घेऊन आलाय. शेजारच्या बायका पाहायला आल्या. तीस वर्षं धंदा करून राहिले, म्हणाली, पण असलं गिऱ्हाईक पहिलंच.

मी सगळं सांगितलं. सही आणि झेरॉक्ससुद्धा.

सहा लुगडी गेली. नायगावच्या बाजारात गोधड्या शिवणारीने घेतली, ती कोणाकोणाच्या गोधडीत गेली ते सांगता येणार नाही. सात तुकडे मात्र केवळाबाईने विकले नव्हते. ती म्हणाली की उसवलेलं दुपटं ती बाजारात नेत नाही. कापड उन्हाकडे धरलं की भोकं दिसतात, आणि कोणतं फाटलं म्हणून उसवलं आणि कोणतं न वापरता उसवलं ते तिला कळतं. न वापरलेलं कापड पडून राहू देऊ नये, कुणाच्या तरी अंगाखाली घालावं, असं ती म्हणाली. हा नियम तिच्याकडे लेखी नाही. म्हणून तर तिने मला घरात विचारलंय का असं विचारलं होतं. मी तिला सही दाखवली होती.

तिच्या लेकीला तीन महिन्यांचा मुलगा आहे. नाव अजून ठेवलेलं नाही. दिवसभर झोपतो म्हणून सगळे त्याला साहेब म्हणतात. तो त्यातल्याच एका तुकड्यावर झोपला होता. चार दोरीवर वाळत होते. दोन त्याच्या उशाला घडी करून ठेवलेले.

केवळाबाईने मला सरळ विचारलं की नेता का. साहेब झोपले होते. त्यांच्याखालून काढायचं तर ते उठले असते. मी म्हणालो की माल माझा नाही, ज्यांचा आहे त्यांना विचारून कळवतो. तिने चहा दिला. पातेलं परत घेतलं नाही. म्हणाली की एकदा दिलेलं भांडं परत घेतलं तर गल्लीत तोंड दाखवायला जागा राहत नाही.

तेव्हा तुकडे आहेत. वापरात आहेत. पुढे काय करायचं ते तू ठरव. यात मी मत देत नाही.

रामकिशन

~

लातूर,
११ फेब्रुवारी

रेणुकाच्या बाबांना,
स. जयभीम वि. वि.

तीन पत्रं आली. झेरॉक्सचं पत्र मी फाडलं. बाकीची दोन ठेवली आहेत.

तपासणीबद्दल लिहिलंत. मला माहीत होतं. त्या दिवशी तुमचा डबा ओट्यावरच राहिला होता, आणि संध्याकाळी येऊन तुम्ही म्हणालात की जेवलो. मी झोपले नव्हते. तुम्ही डबा रिकामा करून, घासून, पालथा घातल्याचा आवाज मी ऐकला. मीही उठले नाही. तेव्हा ते दोघांच्याही नावावर टाका.

आता कापडाचं. तुम्हाला खरं सांगते, पत्र वाचलं आणि मला बरं वाटलं. का वाटलं ते मला पटत नाही. ज्या घरात मूल टिकत नाही त्या घरात दुसऱ्या धडधाकट लेकराच्या अंगावरचं कापड मागून आणतात, ही चाल मायच्या गावात होती. मी अशी कापडं मागायला आलेल्या बायकांना अंगणवाडीतून परत पाठवलं आहे. त्वचेचे रोग होतात असा एक तक्ताच भिंतीला होता. तो तक्ता मीच रंगवला होता.

तरी मागून आणा.

धुऊ नका. नको, धुवा. उकळत्या पाण्यात घाला, दहा मिनिटं, आणि कडक उन्हात वाळवा. मी बायकांना तेच सांगायची आणि ते बरोबर होतं. उकळायला पातेलं आहेच.

पण त्या लेकराला उघडं पाडू नका. माझ्या कपाटात तिसऱ्या कप्प्यात दोन सुती साड्या आहेत, एक निळ्या काठाची आणि एक बारीक ठिपक्यांची. घरात नेसून मी त्या मऊ केल्या आहेत. तुमच्या रजिस्टरात त्यांना ब दिला असेल तर वर्ग बदला आणि केवळाबाईला द्या. तिने नाही म्हटलं तर साहेबांच्या नावाने ठेवून या. आणि ती जेवढे देईल तेवढेच घ्या. सातच पाहिजेत म्हणून बसू नका.

शिवलेलं काही आणू नका. रेणुकाला मी एवढंच सांगितलं की मायचं कापड बाबांच्या हातात आहे. ती म्हणाली की मग तर नीटच असेल, बाबांच्या हातून कधी काही हरवलेलं नाही. मी चहा ठेवायला उठले.

लोभ होता, आहे. एवढ्यात बदलायचं वय नाही.

सरजा

~

नांदेड,
१७ फेब्रुवारी

सौ. सरजाबाईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

साड्या पोचवल्या. केवळाबाईने निळी लगेच लेकीच्या हाती दिली आणि ठिपक्यांची स्वतः नेसणार म्हणाली. मी सांगितलं की ती लेकरासाठी आहे. ती म्हणाली की तिनं नेसल्यावर ती लेकरासाठीच होईल, घाई काय हाय.

पाच तुकडे मिळाले. दोन तिने ठेवले, कारण साहेबांना त्यांची सवय झाली आहे, ते नसले की ते झोपत नाहीत. सवयीच्या बाबतीत मी वाद घातला नाही.

तुकडे पातेल्यात दहा मिनिटं उकळले. घड्याळ लावलं होतं. महादेवी उभी राहून पाहत होती. तिने विचारलं की भाऊजी, मीठ टाकलं का. गच्चीवर दोन दिवस ऊन दिलं. एका तुकड्यावर पिवळा डाग राहिला आहे, तो निघाला नाही. तो साहेबांचा आहे.

तुझी सुईदोऱ्याची डबी तिच्या जागेवर सापडली. तीही बांधली. गाठोडं दाराजवळच्या खुंटीला टांगलं आहे. त्यावर काहीही लिहिलेलं नाही. आदिनाथने विचारलं की काय आहे. मी म्हणालो, माहीत नाही.

बातमी आली की आदिनाथच्या फोनवर कळव. तो मला ओरडून सांगेल, सगळ्या गल्लीला कळेल, त्याला इलाज नाही. लातूरच्या गाड्यांचं वेळापत्रक काढून खिशात ठेवलं आहे.

लोभ मिळाला, पोच देत आहे.

रामकिशन

~

लातूर,
२ मार्च

रेणुकाच्या बाबांना,
स. जयभीम वि. वि.

काल संध्याकाळी तुम्ही गाडीत बसलात तेव्हा धम्मदीप म्हणाले की बाबा अजून एक दिवस राहिले असते. मी त्यांना सांगितलं की दवाखान्यात एकाच माणसाला थांबू देतात आणि रेणुकाच्या बाबांनी नियमाचा बोर्ड वाचला आहे.

तुम्ही पोरीला हातात घेतलं नाही, हात धुतलेले नाहीत म्हणालात. तुम्ही दोनदा धुतले होते, मी पाहिलं. पुढच्या वेळी घ्या. तिचं वजन चांगलं आहे. परवा ऑपरेशनच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला तेव्हा मी बाहेर बाकावर होते. एकदा ऐकलं, परत ऐकू येईपर्यंत थांबले, आणि मग आदिनाथला फोन लावला. तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी गाठोडं घेऊन दारात आलात, तेव्हा तुम्हाला चहासुद्धा विचारला नाही. सुईत दोरा ओवायला डोळ्यांनी साथ दिली नाही. तो तुम्ही ओवून दिलात ते बरं केलं.

काल तुम्ही जाईपर्यंत तीन शिवून झाली होती. नंतर उरलेली दोन शिवली. जुन्या भोकांतूनच टीप घातली, नवी पाडली नाहीत. रेणुका पडून पाहत होती. तिला सगळं सांगितलं, सतरा नंबर, उमरी, साहेब, पातेलं. हसताना टाके दुखतात म्हणून तिने मला दोनदा थांबवलं. नंतर पिवळ्या डागाचं दुपटं मागून घेतलं आणि म्हणाली की आधी हे.

जाताना तुम्ही माझ्या हातात पोच दिलीत. चष्मा लावून पूर्ण वाचली. गाठोडं एक, शीर्षक नाही, आत तुकडे नग पाच. वर्गाची जागा कोरी सोडली आहे. मीही कोरीच ठेवली आणि खाली सही केली. प्रत सोबत आहे.

केवळाबाईला निरोप द्या की मुलगी झाली. तिला वाचता येत नाही, तेव्हा या एका वेळी तोंडी चालेल.

चाळीस दिवसांनी आम्ही तिघी येतो. तोवर घर जसं आहे तसं असू द्या. लोभ तिकडे ठेवून आले आहे, तो हलवू नका.

सरजा

ता. क. पत्र काल रात्री लिहून ठेवलं होतं, टाकायचं राहिलं. आज सकाळी सात वाजता पोरीनं पिवळ्या डागाचं दुपटं ओलं केलं. धुऊन दवाखान्याच्या गॅलरीतल्या दोरीवर टाकलं आहे. ऊन चांगलं आहे.